टॉवेलच्या आड

आमच्या घरी त्याला नावच नव्हतं. परकराला परकर म्हणत, पोलक्याला पोलकं. हे मात्र नुसतं 'आतलं'. "आतलं आणलंस का गं सगळं?" असं आई मागच्या दारातून विचारायची, तेही आवाज दोन पट्ट्या खाली आणून. आजीच्या लेखी ब्रेसियर म्हणजे 'बॉडी', आणि सगळा जन्म नऊवारीच्या काष्ट्यात गेल्यामुळे निकर हा तिला निव्वळ पैशांचा चुराडा वाटायचा.

ज्याला नाव नाही त्याला दोरीवर जागा कुठली? चिपळूणच्या घरी वाळत घालण्यातही मानपान होता. बाबांचे शर्ट पुढच्या अंगणात, भर उन्हात. त्यानंतर साड्या, चादरी. 'आतलं' मागच्या पडवीत, दोरीवर आधी ते आणि त्यावरून टॉवेल. टॉवेल खडखडीत वाळायचा, खालचं संध्याकाळीही हाताला गारच लागायचं. हे उन्हाळ्यातलं. पावसाळ्यात आजी काठीने साड्या माजघरातल्या उंच दांडीवर सरकवायची, आणि आमचं 'आतलं' दाराआडच्या खिळ्यावर. सकाळी अंगात चढवताना तो दमट, कुबट स्पर्श झाला की अंगावर शहारा यायचा. घालून फिरलं की अंगाच्या उबेने वाळतं, असं सांगणाऱ्या बायका घरात होत्या.

हीच पद्धत मी डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये इमानेइतबारे चालू ठेवली. सासूबाईंचा टॉवेल वर, माझं खाली. मग एका ऑगस्टमध्ये जांघेत खाज सुटली. लोकलच्या गर्दीत चौथ्या सीटवर बसून खाजवता येत नाही, हे दुःख भोगलेल्यालाच कळेल. लाजेपोटी डॉक्टरकडे न जाता औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. चार दिवसांत आराम! दोन आठवड्यांनी तीच खाज परत, आता लाल कडा असलेलं चांगलं बांगडीएवढं वर्तुळ घेऊन.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी ट्यूब बघितली आणि कपाळाला हात लावला. गजकर्ण म्हणजे बुरशी. त्या मलमात स्टिरॉइड मिसळलेलं होतं. त्याने खाज दबते, पण बुरशीचं फावतं, ती पसरते आणि मग चिवट होऊन बसते. हे झाल्यावर त्यांनी विचारलं, "वाळत कुठे घालता?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा मी टॉवेलबद्दल सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "म्हणजे बुरशीला हवं ते सगळं तुम्ही घरीच पुरवता. ओल, अंधार, वर पांघरूण," म्हणाल्या. गोळ्या दिल्या, स्टिरॉइड नसलेलं मलम दिलं, बरं वाटलं तरी मध्येच सोडायचं नाही अशी तंबी दिली, आणि औषधाच्या चिठ्ठीवर खाली लिहिलं: सुती, सैल, उन्हात. उन्हाचं प्रिस्क्रिप्शन मी पहिल्यांदाच पाहिलं.

धीर चेपला म्हणून मी आणखी एक शंका काढली. काळ्या निकरचा मधला भाग विटून तांबूस पडतो, तो का? त्यापायी मी दोन साबण बदलले होते. कळलं की साबणाचा काही दोष नाही. योनीतला स्राव मुळातच आंबट असतो, निरोगीपणी त्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण 3.8 ते 4.5, आणि त्या आम्लाने कापडाचा रंग उडतो. हे आम्ल तयार करणारे जिवाणू दह्याच्या विरजणाचे भाऊबंद. ते विरजण बिघडलं की दुखणी सुरू होतात. म्हणून तिथे सुवासिक साबण नको, आणि निकर धुतल्यावर जंतुनाशकाच्या पाण्यातही बुडवायला नको. साधा साबण, आणि तो पूर्ण निघेपर्यंत खळबळणं. एवढं पुरे. मात्र वास बदलला, दह्यासारखं पांढरं जाऊ लागलं किंवा आग झाली, तर साबण नव्हे, डॉक्टर बदलून बघायचा. माझ्यासारख्यांनी तर निदान एकदा गाठायचा.

मग खरेदी. पूर्वी होजिअरीच्या दुकानात काउंटरमागच्या दादांनी "साइज?" विचारलं की मी आजूबाजूला बघत पुटपुटायचे, ते एक खोकं पुढे सरकवायचे, आणि वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत यायची, जणू चोरीचा माल. पंधरा वर्षं मी 34 ची ब्रेसियर घेत होते, कारण लग्नाच्या वेळी 34 होती. मध्ये दोन बाळंतपणं झाली, पण टेप लावावी असं सुचलं नाही. लावली तर पट्टा 36 चा निघाला. छातीभोवती वळ पडत होते ते त्यामुळेच. पट्टा नीट मापाचा हवा, कारण भार त्यानेच पेलायचा असतो, खांद्याने नव्हे. नवी असताना सगळ्यात सैल हुक लावायचा आणि इलॅस्टिक ढिलं पडेल तसं आत सरकायचं, हेही चाळिशीत कळलं. निकर तर आता मी उलटी करूनच बघते. बाहेरून लेस असो नाहीतर नायलॉन, आतली मधली पट्टी सुती हवी. ती सुती नसेल तर दुकानदाराचं "एकदम सॉफ्ट आहे मॅडम" ऐकून घेते आणि ठेवून देते.

आईला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आम्हाला नाही झालं काही." तिच्या कमरेवर परकराच्या नाडीचा काळा करकोचा आहे, मी लहानपणापासून बघते आहे. मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी 1945 साली धोतराच्या घट्ट गाठीच्या जागी झालेल्या कर्करोगाची नोंद केली होती, आणि परकराच्या नाडीच्या जागीही तसं झाल्याचं आढळलं आहे. क्वचितच होतं, पण होतं. हे सांगितल्यावर ती गप्प झाली. पुढच्या खेपेला नाडीच्या जागी रुंद पट्टा शिवून घेतला होता, "टोचत नाही म्हणून", माझं ऐकून नव्हे.

आता आमच्या गॅलरीत पुढची दोरी, दहा ते एकचं ऊन, 'आतल्या'ची. टॉवेल मागे. पहिल्या दिवशी सासूबाईंनी दोनदा ते पालटलं, मी दोनदा परत लावलं. तिसऱ्या दिवशी त्यांची स्वतःची 'बॉडी' माझ्या शेजारी चिमट्यात दिसली. पाऊस लागला की पंख्याखाली, आणि तरी ओल वाटली तर वरून इस्त्री.

परवा दुपारी अचानक सर आली. मी आत भाजी चिरत होते. समोरच्या काकू त्यांच्या गॅलरीतून ओरडल्या, "अगं, कपडे भिजतायत! टॉवेल, गाऊन, आणि..." मग थांबल्या. खाली वॉचमन बघत होता. "आणि ते, तुझं ते... पुढचं!"