बॉटने बंद केलेला बग
दुपारभर वेंगुर्ल्यात लाईट नव्हती. आली तसा ओटीवर लॅपटॉप उघडला, गिटहबवर (प्रोग्रामचा कोड ठेवायची, त्यावर चर्चा करायची साइट) 6 नोटिफिकेशन. म्हटलं, चला, कोणीतरी बोललं! 5 डिपेंडाबॉट नावाच्या बॉटची, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामची: अमक्या लायब्ररीची (आयत्या कोडची) नवी आवृत्ती आलीय, घ्या. (अशा विनंत्या एका वेळी 5 च उघड्या ठेवतो, नशीब.) त्याचं काम चोख, तक्रार नाही.

सहावं मात्र मनाला लागलं. एका प्रोजेक्टमध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटतात, तो बग (प्रोग्राममधली चूक) मी कळवलेला. 60 दिवस हालचाल नाही म्हणून तिथल्या दुसऱ्या बॉटने 'शिळा' ठरवला, आणखी 7 दिवसांनी दुरुस्तीविनाच बंद. अहो, 'क्ष' अजून तुटतोच आहे! पुन्हा उघडायची परवानगीही मला नाही.

आई आतून, "कोणावांगडा झगडतंस रे?"

काय सांगू. स्क्रीनशॉट जोडून परत लिहिलंय. बघू कोणी माणूस वाचतो का.