फार्महाऊसवर काजवे आणून सोडता येतील का?

“इगतपुरीकडे जागा घेतलीय, तिथे काजवे आणून सोडले तर?” नाशिकमध्ये मे महिना लागला की हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारी माणसं हौशी असतात, म्हणून नाही म्हणणं जिवावर येतं. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: नाही.

भंडारदऱ्याला मेअखेरीस हिरडा-बेहडा लुकलुकताना आपण बघतो, तो नुसता लग्नसोहळा. उडणारा काजवा जेमतेम दोन-चार आठवड्यांचा सोबती. त्याआधी कित्येक महिने त्याची अळी ओल्या मातीत, पाल्याखाली गोगलगायी खाऊन वाढते. बरणीतून आणलेले काजवे चार रात्री चमकतील आणि संपतील. खाली ओल नसेल तर पुढची पिढी नाही.

अमेरिकेत डेलावेअरच्या किनाऱ्यावर ‘फोट्युरिस बेथानिएन्सिस’ नावाचा काजवा आहे. शास्त्रीय नोंद १९५३ची. लागोपाठ दोन हिरव्या चमका ही त्याची ओळख. तो राहतो वाळूच्या टेकड्यांमधल्या गोड्या पाण्याच्या खळग्यांत. समुद्र दिसावा म्हणून लोकांनी तिथे घरं बांधली, दिवे लावले. वर समुद्राची पातळीही चढतेय. शेवटी २०२४मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण देण्याचा प्रस्ताव आला. आजूबाजूला वाळू भरपूर आहे, पण ती त्याच्या कामाची नाही.

आपल्याकडचे काजवे वेगळे, पण जमीन विकली की होतं तेच. आधी जेसीबी येतो. भातखाचराचे बांध सपाट, खोलगट जागेत मुरूम, ओहोळ पाइपात. त्यावर लॉन, लॉनवर औषधफवारणी, कुंपणाला हॅलोजन. त्या उजेडात नराची चमक मादीला दिसायची कशी? नांदूरमध्यमेश्वरला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळाल्याचं २०२०मध्ये जाहीर झालं, राज्यात पहिलाच. उत्तम झालं. पण खाचराच्या ओलीला कोण दर्जा देणार? तिला तर आपण ‘खराब जागा’ म्हणतो आणि भाव पाडून मागतो.

तेव्हा तो खालचा चिखलाचा कोपरा भरू नका. पाला जाळू नका, गोगलगायीचं औषध टाकू नका. शेजारच्या खाचरात काजवे उरले असतील तर ते आपसूक येतील. मे-जूनमध्ये बाहेरचे दिवे बंद ठेवा. मुलं अंधाराला घाबरत असतील तर पायरीपाशी मंद लाल दिवा चालेल, तोही झोपताना मालवा.