प्युअर आहे का?

प्युअर खिल्लार गाय म्हणजे काय, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर बाजारात या विषयावर मी तोंड उघडत नाही. आटपाडी-सांगोला भागात गाईंना कृत्रिम रेतन करत फिरतो, लोक डॉक्टर म्हणतात (मी डॉक्टर नाही, पण ऐकतंय कोण), आणि हल्ली व्हॉट्सअपवर फोटो आला की खाली एकच प्रश्न असतो, "डॉक्टर, खिल्लार प्युअर आहे का?"

आता खिल्लार म्हणजे मुळात काय, तर गुरांचा कळप. बस. कळपाच्या नावावरून जातीचं नाव पडलं. त्या जातीचे पुस्तकात चार प्रकार दिलेत, आटपाडी महाल, म्हसवड, तापीकाठची थिल्लारी, आणि चौथा चक्क "नकली". शिवी नाही हो, प्रकाराचं नावच ते, आजूबाजूच्या मुलखातल्या खिल्लारीला. आज कुणी जाहिरातीत "नकली खिल्लार विकणे आहे" टाकून बघा म्हणावं.

जुनी माणसं प्युअर म्हणायची नाहीत, "जातीचा" म्हणायची, आणि ते ठरवायला खोंड चालवून बघायची, शिंगं मागे जाऊन वर कशी वळलीत, खूर काळे नि घट्ट आहेत का, कातडी पातळ आहे का. वंशावळ म्हणाल तर "कुणाच्या दावणीचा?" एवढंच विचारायचं. दावण माहितीतली असली की पुढं काही विचारायचं कारण नसायचं.

मग संकर आला. गीतेत अर्जुन ज्या वर्णसंकराला घाबरतो ना, तोच शब्द पुढं सरकारी भिंतींवर मोठ्या कासेच्या गाईशेजारी झोकात रंगवलेला, "संकरित गाय पाळा". १९६७ ला मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला बाएफ ही संस्था काढली, पुढं जर्सी-होल्स्टीन या विलायती जातींचं रेतन गावोगाव गेलं, दूध वाढलं, घरं चालली, त्याला नावं ठेवणाऱ्यांनी आधी आपला चहा बिनदुधाचा करावा. ज्वारीचंही तेच, १९६४ ला सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला, पोटं भरली, आणि ती खाऊन वाढलेल्या पोरांना म्हातारे काय म्हणायला लागले तर "हायब्रीड पिढी, ताकद कुठनं येणार!" तोच संकर, फक्त इंग्रजीत म्हटला की शिवी.

गावरान हा शब्द तर आमच्या डोळ्यांदेखत महाग झाला. पूर्वी गावरान म्हणजे अडाणी, आता हॉटेलच्या पाटीवर. त्या पाटीमागची कोंबडी बऱ्याचदा गिरिराज नाहीतर वनराज असते, एक बंगळूरच्या विद्यापीठात तयार केलेली, दुसरी हैदराबादच्या सरकारी संस्थेत. पिसं रंगीत आहेत ना, झालं गावरान. गावठीचं मात्र आमच्याकडे नशीब उघडलं नाही, तो बिचारा कट्टा आणि दारूतच अडकला.

आणि देशी. सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं, त्यानंतर विचारणा वाढली. माझ्यासमोरची केस सांगतो, खिल्लार गाईला गीरचं रेतन, गीर मूळची सौराष्ट्रातली, कालवड झाली कपाळाला फुगीर, कान लांब, आणि मालकाने स्टेटस ठेवलं "प्युअर देशी". देशी खरं, प्युअर कुठनं आणायचं? तिकडे विदर्भातली कठाणी गाय कर्नालच्या, जनावरांच्या जाती नोंदवणाऱ्या राष्ट्रीय ब्युरोत नोंद होईपर्यंत कागदावर "नॉन-डिस्क्रिप्ट" होती, म्हणजे बिनजातीची. गोठा तोच, गाय तीच, नोंद झाली आणि जात मिळाली.

बैलगाडा शर्यतींनी तर कहरच केला. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंदी घातली तेव्हा जातिवंत खोंडालाही गिऱ्हाईक मिळेना, डिसेंबर २०२१ ला परवानगी आली आणि तीच माणसं प्युअर-प्युअर करत दारात.

हिशोबाने बघायचं तर दुसऱ्या जातीच्या गाईला पिढ्यान् पिढ्या खिल्लारचंच रेतन केलं तर पहिल्या पिढीत ५० टक्के, मग ७५, ८७.५, ९३.७५, असं करत शंभराच्या जवळ जाल, शंभर कागदावर कधीच येत नाही. म्हणून मी विचारतो, आई कुठली, रेतनाच्या कांडीवर (वळूचं वीर्य भरलेली नळी) वळूचा नंबर काय होता, रेतनाच्या नोंदीचं कार्ड आहे का. कार्ड नसेल तर "दिसायला खिल्लार" एवढंच लिहून देतो. यावर लोक नाराज होतात. परवा एकाने सरळच विचारलं, "डॉक्टर, मग प्युअर लिहायचं किती घेता?"