बाबांच्या फ्लॉप्या

शनिवार

बाबांच्या फ्लॉप्या वाचायला घेतल्या. निवृत्तीनंतर त्यांनी संगणकावर आठवणी लिहायला सुरुवात केली होती. तेव्हा जे लिहिलं ते सगळं या साडेतीन इंची फ्लॉप्यांवरच आहे, दुसरीकडे कुठेही नाही. लेबलांवर त्यांचं सुवाच्य अक्षर आहे, शाई मात्र फिकी पडली आहे.

बुरशी लागलेली फ्लॉपी थेट ड्राइव्हमध्ये घालायची नाही, हा माझा पहिला नियम. ड्राइव्हचं वाचणारं हेड चकतीला टेकलेलं असतं आणि चकती त्याखालून मिनिटाला ३०० फेरे घेते. बुरशीचा एखादा कण हेडला चिकटला, तर ती फ्लॉपी तर खरवडतेच, शिवाय मागून येणाऱ्या चांगल्या फ्लॉप्यांचीही वाट लागते. म्हणून आधी धातूची झडप सरकवून धरायची, मागचा गोल हब बोटाने सावकाश फिरवायचा आणि उजेडात तिरकं बघायचं. पांढुरके ठिपके दिसले की कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं आणि काडी एका जागी धरून चकतीच फिरवत राहायची. पुसून झालं की दुसरी बाजू. मग पूर्ण वाळू द्यायचं. घाई करणाऱ्याचं हे काम नाही. दुपारभर बसलो, थोड्याच फ्लॉप्या झाल्या, पण झाल्या त्या नीट झाल्या.

मी फाइली कॉपी करत नाही, अख्ख्या फ्लॉपीची इमेज घेतो, म्हणजे बाइटन् बाइट हुबेहूब नक्कल. ८० ट्रॅक (चकतीवरची वर्तुळं), दोन बाजू, ट्रॅकला १८ सेक्टर (वर्तुळाचे तुकडे), सेक्टरला ५१२ बाइट. म्हणजे १४,७४,५६० बाइट, एकही कमी नाही. (त्याला १.४४ एमबी म्हणायचं हे तसं धेडगुजरी गणित. १०२४ बाइटांचे १४४० केबी घेतले आणि पुढे भागलं मात्र १००० ने.) फक्त फाइली उचलल्या तर मजकूर मिळतो, पण त्याच्या आजूबाजूचं सगळं मागेच राहतं. मला ते आजूबाजूचंही हवं आहे.

ड्राइव्हचा आवाज किती वर्षांनी ऐकला! एकेक ट्रॅक पुढे सरकताना येणारी ती लयीतली टकटक. सेक्टर वाचता आला नाही, की हेड घर्रकन शून्य ट्रॅकवर परत जातं आणि मोजत मोजत पुन्हा त्याच जागी येतं. दुसऱ्या खोलीत असलो तरी नुसत्या आवाजावरून कळतं की काहीतरी अडलं आहे. हल्लीच्या यंत्रांत काही अडलं तर पडद्यावर गोल फिरत राहतं, आणि वाट बघण्यापलीकडे आपल्याला काही कळत नाही.

रविवार

आज फाइलींच्या तारखा बघत बसलो.

डॉसच्या, म्हणजे बाबांच्या संगणकावरच्या जुन्या कार्यप्रणालीच्या, फाइल पद्धतीत तारखेला १६ बिट आणि वेळेला १६ बिट. वर्षाच्या वाट्याला सात बिट येतात आणि मोजणी १९८० पासून सुरू होते, त्यामुळे ती २१०७ पर्यंत पुरते. वेळेत तास पाच बिट, मिनिटं सहा बिट, मग सेकंदांना उरतात पाचच. पाच बिटांत ३२ आकडे मावतात, साठ सेकंद मावत नाहीत. म्हणून सेकंद अर्धे करून लिहिले जातात. बाबांच्या सगळ्या फाइली सम सेकंदालाच सेव्ह झालेल्या दिसतात, त्या यामुळे. दोन बिटांची आणि चार बिटांची इतकी काटकसर करणाऱ्या त्या लोकांबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो.

बहुतेक फाइली पहाटेच्या आहेत. पाच, सव्वापाच. घर उठायच्या आत ते लिहून मोकळे होत असत.

शेवटच्या काही फ्लॉप्यांवर मात्र सगळ्याच फाइलींवर १ जानेवारी १९८० अशी तारीख आहे. तोवर मदरबोर्डवरची बॅटरी संपली होती. मशीन सुरू केलं की घड्याळ बिघडल्याचा संदेश यायचा, एफ१ दाबलं की गाडी पुढे, आणि घड्याळ मध्यरात्रीपासून नव्याने सुरू. ही तारीख खोटी, हे कोणालाही कळेल, आणि इमेजमधून फाइली काढून देणारे बरेच जण अशा वेळी आजची तारीख घालून मोकळे होतात. मला ते पटत नाही. तारीख खोटी असली तरी वेळ खरी आहे. घड्याळ शून्यावरून सुरू होत असेल, तर १ वाजून ४२ मिनिटं याचा अर्थ मशीन चालू करून पावणेदोन तास होत आले होते. बाबा तितका वेळ बसले होते. दुसरी फाइल बारा वाजून नऊ मिनिटांची आहे, दीड परिच्छेदाची, अर्ध्या वाक्यात थांबलेली. त्या दिवशी तब्येत बरी नसावी.

आता या फाइली कुठेही हलवताना वेळ जशीच्या तशी राहील याची काळजी घेतो आहे. सोबत एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मूळ नाव, तारीख, वेळ आणि चेकसम (फाइलीत काही बदललं तर ते उघड करणारा पडताळणीचा आकडा) लिहून ठेवतो.

मंगळवार

कामाच्या गडबडीत दिवस गेला. आमच्या ऑफिसातल्या डॉक्युमेंटमध्ये प्रत्येक बदलाचा इतिहास आपोआप जपला जातो, कोणी कधी काय खोडलं ते सगळं. ही सोय मला आवडते. पण तो इतिहास आपल्या हातात नसतो, खातं बंद झालं की तोही जातो. घरी आल्यावर एकच फ्लॉपी वाचली.

गुरुवार

मजकुराला हात घातला. फाइल उघडली की दिसतात इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा, काही काही ठिकाणी नुसते चौकोन. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत. तिच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये, देवनागरीला जागा मिळाली होती, पण घरोघरच्या संगणकांवर ती यायला पुढे बरीच वर्षं लागली. तोवर इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रं बसवलेले फॉन्ट वापरायचे, आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. बाबांचा फॉन्ट मराठी टंकलेखन यंत्राच्या कळफलकावर बेतलेला होता. आयुष्यभर टाइपरायटर चालवलेला माणूस, त्यांना दुसरं काही शिकायची गरजच पडली नाही.

तो फॉन्ट माझ्याकडे जपून ठेवलेला आहे, त्यामुळे कुठल्या खुणेला कुठलं चित्र हे कोडं नव्हतं. खरं काम पुढे आहे. टाइपरायटरवर जे डोळ्याला आधी दिसतं ते आधी उमटवायचं. ‘स्थिती’ लिहिताना पहिली वेलांटी सगळ्यात आधी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये ती वेलांटी ‘स्थ’ हे अख्खं जोडाक्षर ओलांडून मागे न्यावी लागते. ‘अर्थ’मधला रफार याच्या उलट, तो थ नंतर टाइप केलेला असतो आणि त्याला थच्या आधी आणायचं. ‘ण’ला स्वतंत्र कळच नव्हती, अर्धा ण आणि पुढे काना. मग ‘पाणी’त ण पुढचा काना अक्षराचा आणि ‘खाणाखुणा’त ण पुढचे दोन काने, त्यातला एक अक्षराचा आणि एक स्वराचा, हे प्रोग्रामला समजावून सांगावं लागतं. ‘दुसऱ्या’तल्या र ला वेगळी वागणूक, नाहीतर तो ‘सूर्य’तल्यासारखा डोक्यावर चढून बसतो.

रात्री साडेअकराला पहिलं पान सरळ वाचता आलं. नदीच्या पुरात शाळा बुडाली त्या वर्षाची हकिगत. बाबांनी तोंडी सांगितली होती तेव्हाही शेवटी त्यांचा आवाज असाच खाली आला असणार, वाक्यं आखूड होत जातात.

प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांनी एंटर दाबलेलं आहे. कॅरेज परत ओढायची सवय. पूर्णविरामानंतर दोन जागा सोडलेल्या. ‘कांहीं’, ‘नाहीं’ यांवर जुन्या वळणाचे अनुस्वार, कारण १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम आले तेव्हा त्यांचं शिक्षण होऊन गेलं होतं. हे सगळं एका झटक्यात ‘साफ’ करता येतं, तशा सूचनाही प्रोग्राम देत होता. मी काहीच साफ करणार नाही. ओळी जिथे तुटतात तिथेच तुटू देणार. त्यांच्या हाताला कागदाची कड कुठे जाणवत होती ते त्यातून कळतं.

शुक्रवार

डॉसमध्ये फाइल पुसली की नावाचं पहिलं अक्षर फक्त बदलतं आणि ती जागा मोकळी म्हणून नोंदवली जाते. मजकूर तिथेच पडून राहतो, दुसरं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत. इमेजा घेतल्यामुळे बाबांनी पुसलेल्या बऱ्याच फाइली मला दिसत आहेत. नावांच्या उरलेल्या अक्षरांवरून विषयही कळतात. एक फाइल काकांच्या भांडणाच्या वेळची आहे, हे नक्की.

ताईला फोन केला. ती म्हणाली, “त्यांनी पुसलंय ना, मग तू कशाला उकरतोस?” धाकट्याचं म्हणणं उलट. तो म्हणतो, “बाबा गेल्यावर आता काय राहिलंय लपवण्यासारखं? सगळं वाचू या.” दोघांचंही मला कळतं. माझ्यापुरतं मी असं ठरवलं आहे की इमेजमधून एक बाइटही काढायचा नाही आणि पुसलेल्या फाइली उघडायच्याही नाहीत. त्यांनी स्वतः ठेवलेला मजकूर तेवढा तिघांना द्यायचा, इमेजा तिघांकडे एकेक. पुढे कोणाला वाटलं तर कसं वाचायचं तेही सोबत लिहून ठेवणार आहे, फॉन्टसकट.

ताईला छापील प्रत हवी आहे. कागद कोणता घ्यायचा आणि बाबांच्या ओळींची लांबी त्यावर मावेल का, हे उद्या मोजून बघतो. अजून काही फ्लॉप्या बुरशीच्या ढिगात आहेत, त्यातल्या एकीची झडप गंजून अडकली आहे. ती काढायला बारीक पक्कड लागेल.