आमची वाटचाल : 'खारट आहे, सोलकढीसाठी'

आमच्या आगळाच्या, म्हणजे मीठ घातलेल्या कोकमाच्या रसाच्या, बाटलीवर आमच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात 'खारट' लिहिलेलं आहे आणि दर प्रदर्शनात कोणीतरी विचारतंच, की अहो ताई असं का, खारट वाचून गिऱ्हाईक पळेल ना. पळत नाही. त्या एका शब्दामुळे आम्ही आज धंद्यात आहोत, आणि तो शब्द आमच्या डोक्यातून आलेला नाही, दादरच्या एका दुकानदार काकांनी दिलेला आहे. काका आता नाहीत, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय.

सुरुवात २००६ ची. वेंगुर्ल्याला घरच्या परसात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, सात झाडं, मी आणि माझी मोठी जाऊ, आम्ही सगळे तिला वहिनीच म्हणतो. पहिल्या वर्षी दोघींनी मिळून आगळ आणि कोकम सरबत दोन्ही केलं, आमसुलं तर घरात होतच होती. लेबल म्हणजे रंगीत झेरॉक्स, कात्रीने कापायचं आणि गव्हाच्या पिठाची खळ लावून चिकटवायचं. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर त्या खळीला बुरशी आली, नंतर झुरळांनी कोपरे खाल्ले. कोकणातल्या हवेत खळ चालत नाही हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून मी आता सांगतेय, अजिबात करू नका, फेविकॉल पण नको, सरळ स्टिकरवर जा.

स्टिकर आले तेव्हा वहिनीने एक गोष्ट केली ती आजही वापरात आहे. चार इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा घेतला, करवतीने उभा अर्धा कापला, तो पाटावर दोन खिळ्यांनी बसवला आणि कडेला लाल तेलपेंटची एक रेघ मारली. बाटली त्या पन्हळीत आडवी ठेवायची, लेबलाची वरची कड रेघेला लावायची, अंगठा मधून दोन्ही बाजूंना फिरवायचा. लेबल सरळ बसतं, बुडबुडा राहत नाही. तिचा हात बसला की तासाला दीडशे बाटल्या व्हायच्या. नंतर लेबल लावायचं हाताने फिरवायचं मशीन पण घेतलं आम्ही, पण पेट बाटली जरा जरी चेपलेली असली तर मशीन लेबल तिरकं लावतं, पन्हळ लावत नाही.

आता मूळ चूक सांगते, कारण ती अजून खूप जण करतात. ऑफसेटवर चार रंगांच्या प्लेटा काढाव्या लागतात आणि प्रेसवाला पाच हजाराच्या खाली छापत नाही. पैसे वाचवायला प्रेसवाल्याने सुचवलं, की दोन्ही मालाला चित्र एकच ठेवा, बाकी तीन प्लेटा त्याच राहतील, फक्त काळी प्लेट बदलू. म्हणजे लाल पार्श्वभूमी तीच, रातांब्याचं चित्र तेच, आमचं नाव तसंच मोठं, फक्त खाली काळ्या बारीक अक्षरात एकावर 'कोकम आगळ' आणि दुसऱ्यावर 'कोकम सरबत'. बाटली तीच ७०० मिलीची, आतला माल पण दिसायला लालच. आम्हाला फरक बघताक्षणी कळायचा, कारण आम्ही भरलेला होता. आगळात रातांबे आणि मीठ, बस. सरबतात साखर. एक सोलकढीत जातं, दुसरं पाण्यात. कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, पण आमचा माल कोकणाबाहेर जायला लागला होता.

मे २०१३. ठाण्याच्या एका मोठ्या दुकानाने आमचे साठ-सत्तर बॉक्स उचलले होते, बारा बाटल्यांचा बॉक्स, पैसे माल विकल्यावर. त्यांना मी स्वतः फोनवर सांगितलं होतं की आगळ वेगळ्या फळीवर ठेवा, हो हो म्हणाले. त्यांनी दोन्ही सरबतांच्या फळीवर एकत्र लावलं. तिथून एका केटररने लग्नासाठी चार बॉक्स नेले, त्यातले तीन आगळाचे निघाले, आणि पाहुण्यांना वेलकम ड्रिंक म्हणून पाण्यात घालून दिलं. वरपक्षाची मंडळी, पहिलाच घोट, पुढचं तुम्हीच समजून घ्या. रात्री साडेनऊला मला फोन आला, आम्ही अंगणात ड्रम ढवळत होतो, आणि तो माणूस जे बोलला ते मी इथे लिहिणार नाही.

तिसऱ्या दिवशी दुकानाने सगळा माल ट्रॅव्हल्सने परत पाठवला, भाडं आमच्यावर, विकलेल्या मालाचे पैसेही अडवून ठेवले, ते आजतागायत मिळालेले नाहीत. हे झालं कधी, तर ऐन सीझनमध्ये. सात झाडांचे दिवस कधीच मागे पडले होते, रातांबे बागायतदारांकडून रोख घेतलेले, बँकेचं कर्ज उचललेलं, दोनशे लिटरचे नऊ ड्रम आगळाने भरलेले आणि ते विकायचे कुठे हा प्रश्न. ह्यांनी टेंपो विकला. वहिनीने चार महिने एक पैसा घेतला नाही, उलट तिच्या माहेरच्या आंब्याचे पैसे आले ते मिठाच्या आणि बाटल्यांच्या बिलाला दिले, आणि मला दोन वर्षांनी कळलं. गावात लोक काय बोलत होते ते पण कळत होतं, बाजारातल्या एका जुन्या कोकमवाल्याने तर 'बायकांचा धंदा, दोन पावसाळे टिकला हेच खूप' असं भर दुकानात म्हटलं. ते मी विसरलेले नाही.

त्याच जूनमध्ये मी दादरला काकांकडे गेले, खरं तर उधारी मागायला आणि उरलेला माल घ्याल का विचारायला. काका आमचे जुने गिऱ्हाईक, कोकण मेव्याचं छोटं दुकान, गाळा म्हणजे दोन माणसं समोरासमोर उभी राहिली तर भरला. मी त्यांच्या फळीकडे बघितलं आणि बघतच राहिले. आमच्या प्रत्येक आगळाच्या बाटलीवर, लेबलाच्या वर, काळ्या मार्करने त्यांनी हाताने लिहिलं होतं, 'खारट आहे, सोलकढीसाठी'. आणि सरबताच्या बाटलीवर, 'गोड, पाण्यात घाला'. एकेका बाटलीवर. म्हटलं काका हे कधीपासून, तर म्हणाले चार वर्षं झाली, पहिल्याच महिन्यात एक बाई परत घेऊन आल्या होत्या तेव्हापासून. म्हटलं मला सांगितलं का नाही, तर म्हणाले, अगं तुझं लेबल तू एवढ्या हौसेने केलेलंस. चार वर्षं तो माणूस आमच्यासाठी रोज मार्कर घेऊन बसत होता आणि एकही बाटली परत पाठवली नव्हती. त्यातली एक मी मागून घेतली, ती आजही ऑफिसात आहे.

मग लेबल नव्याने करायला घेतलं. पुण्याचा एक डिझायनर मुलगा मिळाला, काम चांगलं, पण पहिली तीन डिझाइनं त्याने शहरातल्या कॅफेत शोभतील अशी केली, फिकट रंग, मधे भरपूर मोकळी जागा, कोकम इंग्रजीत. मी त्याला दोन बाटल्या आणि एक काळा मार्कर कुरिअर केला आणि म्हटलं हे लिहिलेलं आधी बसव, मग उरलेल्या जागेत काय करायचं ते कर. शेवटी आगळाचं लेबल पांढरं झालं, त्यावर सोलकढीची वाटी, सरबताचं पिवळं, त्यावर ग्लास, आणि झाकणंसुद्धा वेगळ्या रंगांची. तपासायला दोन्ही बाटल्या ओटीवर ठेवल्या आणि सासूबाईंना चष्मा काढून दारातून बघायला सांगितलं. जुनं लेबल बघून त्या म्हणाल्या होत्या, "ह्या वाचान कोणाक काय कळतला?" नव्याला लांबूनच बोट दाखवून बरोबर सांगितलं. तुम्ही पण लेबल लॅपटॉपवर बघून पास करू नका, बाटलीवर लावा, फळीवर ठेवा, आठ फुटांवरून बघा.

आणि फाइल देताना अक्षरं कर्व्ह केल्याशिवाय, म्हणजे फॉन्ट काढून त्यांचं चित्र केल्याशिवाय, प्रेसला देऊ नका, हात जोडून सांगते. त्या डिझायनर मुलाने युनिकोडमध्ये केलेलं, प्रेसवाल्याने त्याच्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फॉन्टात बदललं, आणि रफार सरकला. 'वेंगुर्ला' चं 'वेंगुलार्', 'सिंधुदुर्ग' चं 'सिंधुदुगर्'. पाच हजार लेबलं. पत्त्याच्या जागी छोटा पांढरा स्टिकर एकेक करून आम्ही चिकटवला, वहिनी, मी आणि शेजारच्या दोन मुली, अकरा रात्री. प्रेसवाला म्हणाला प्रूफवर तुमची सही आहे. सही होती, पण प्रूफ त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं, अंगठ्याएवढं.

पुढची वर्षं बरी गेली, कर्ज फिटलं, क्रोमो म्हणजे गुळगुळीत कागद सोडून पीपी म्हणजे प्लॅस्टिकच्या स्टिकरवर आलो, कारण फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटतो आणि कागदाचा लगदा होतो. पीपीवर डेटरच्या शिक्क्याची शाई पुसली जाते म्हणून बॅच आणि तारखेपुरती खिडकी लॅमिनेशनशिवाय सोडायची, ही गोष्ट कोणी सांगत नाही.

मग आमचं लेबल चोरलं. तोच जुना कोकमवाला, ज्याने दोन पावसाळे म्हटलं होतं. पांढरं लेबल, सोलकढीची वाटी, 'खारट' तेवढ्याच जाडीत, आणि नाव आमचंच, एक काना इकडचा तिकडे. चित्रातल्या वाटीच्या कडेला एक टवका उडालेला आहे, ती आमच्या घरातली वाटी, फोटो आमच्या ओटीवर काढलेला. टवका पण तसाच छापला त्याने. विचारायला गेलो तर म्हणे कोकम काय तुमच्या एकट्याचं आहे का. कोकम सगळ्यांचं, वाटी आमची. वकिलांनी विचारलं ट्रेडमार्कचा अर्ज केलाय का, केलेला नव्हता. छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाला एका क्लासला, म्हणजे मालाच्या एका वर्गाला, ४,५०० रुपये फी, सरबत ३२ नंबरच्या क्लासमध्ये येतं, आगळासाठी वेगळा. तेवढ्या पैशासाठी आम्ही इतकी वर्षं थांबलो होतो. अर्ज केल्या दिवसापासून टीएम लावता येतं, गोलातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच. तुमचं लेबल हे तुमचं पहिलं यंत्र आहे असं समजा आणि पहिल्याच वर्षी अर्ज करा. त्याने शेवटी वाटी बदलली, नाव बदलायला अजून दीड वर्ष घेतलं, आणि तेवढ्यात गोव्याच्या रस्त्यावरची आमची तीन दुकानं गेली ती गेलीच.

त्यानंतर आमच्या लेबलाविरुद्ध तक्रार झाली, कोणी केली ते मला माहीत आहे, लिहीत नाही. जुन्या काळापासून आम्ही 'पित्तनाशक' आणि 'घरगुती' छापत होतो. नोटीस आली. आजार बरा करतो असं अन्नाच्या लेबलावर म्हणता येत नाही, आणि होममेडसारखे शब्द पण २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत बसत नाहीत. चुकीच्या लेबलाला ३ लाखांपर्यंत दंड आहे. आम्ही हातातली लेबलं फाडली आणि परत छापली. नियम बरोबर आहे, माझं त्याबद्दल म्हणणं नाही. पण सरबताच्या घटकांत साखर पहिली आणि कोकम दुसरं लिहावं लागतं, कारण वजनाने जे जास्त ते आधी, ते मला आजही लागतं. चाळीस दिवस ज्याच्यामागे उन्हात धावलो ते दुसऱ्या नंबरवर. वहिनी म्हणते, खरं आहे ते लिहायचं. मग लिहितो.

आता दादरचं दुकान काकांचा मुलगा बघतो. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला की एकट्या-दुकट्या राहणाऱ्या मुलांना मोठी बाटली जास्त होते, २०० मिली काढा. लेबल तळहाताएवढं राहतं. त्यात चौदा आकडी लायसन्स नंबर, पोषणमूल्यांचा तक्ता, एमआरपी, पत्ता, कस्टमर केअर आणि हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, जो समोरची बाजू १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर ३ मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही. डिझायनरने काल फाइल पाठवली, म्हणाला मॅडम बसत नाहीये, 'खारट' थोडं लहान करतो. मी सांगितलं, आमचं नाव लहान कर.