जर्मन डॉक्टर म्हणाल्या, घरी मालवणीतच बोला

जर्मनीत मूल जन्मलं की पालकांच्या हातात एक पिवळी वही देतात. कुठल्या वयाला कुठली तपासणी ते ठरलेलं असतं आणि प्रत्येकीची नोंद त्या वहीत होते. २१ ते २४ महिन्यांच्या तपासणीत वजन-उंचीबरोबर बोलण्याचीही चौकशी असते. शब्द किती येतात, दोन शब्द जोडून बोलते का, सांगितलेलं कळतं का. आमच्या लेकीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, घरी भाषा कुठली? म्हटलं, माझी मालवणी, तिच्या बाबांची पुणेरी मराठी, पाळणाघरात जर्मन. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही तुमच्याच भाषेत बोला. जर्मन ती इथे शिकेलच. आणि शब्द मोजाल तेव्हा सगळ्या भाषांतले मिळून मोजा."

दोन-तीन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल उशिरा बोलतं, हा समज तिथल्या डॉक्टरांना मान्य नाही. संशोधनही त्यांच्याच बाजूचं आहे.

मे महिन्यात वेंगुर्ल्याला घरी आलो की मात्र शेजारपाजारी वेगळंच ऐकू येतं. "बाबू, कम हियर, मिल्क फिनिश कर." पुढे इंग्रजी शाळेत अडायला नको, म्हणून दीड वर्षाच्या पोराशी आतापासून तयारी. आईबापांची काळजी मला कळते. पण त्या घरातली आजी बघा. दिवसभर मूल तिच्याजवळ असतं, सगळ्यांत जास्त वेळ तिला असतो, आणि आपलं बोलणं चालणार नाही या धास्तीने तीच गप्प बसते. मला याचं फार वाईट वाटतं. कुठल्याही पुस्तकात नसलेले शब्द त्या बाईकडे आहेत. झाडांचे, माशांचे, पावसाचे, रागाचे, लाडाचे.

आणि हा वेळ पुन्हा मिळत नाही. १९८४ साली जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हींतला फरक कळत होता. तशाच घरांतल्या वर्षाच्या आसपासच्या बाळांपैकी फार थोड्यांना तो कळला. जे कानावर पडत नाही त्याकडे कान हळूहळू दुर्लक्ष करू लागतो.

बरं, कानावर नुसतं पडून भागत नाही. २००३ मध्ये पॅट्रिशिया कुल यांच्या अमेरिकेतल्या गटाने नऊ महिन्यांच्या बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसवली. त्यांनी पुस्तकं वाचली, खेळणी दाखवली, बाळांशी गप्पा मारल्या. ती बाळं चिनी भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. दुसऱ्या बाळांना तेच सगळं पडद्यावर दाखवलं, त्यांना काही आलं नाही. घास भरवताना मोबाईलवर गाणी लावणाऱ्या प्रत्येक घराला हे सांगावंसं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, आणि पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास.

मग करायचं काय? सकाळी दारात मासेवाली टोपली उतरवते तेव्हा लेकीला कडेवर घेऊन जा. ती बोट दाखवेल. ती काय दाखवतेय त्याचंच नाव घ्या आणि थांबा. हे थांबणं मोठ्यांना जड जातं, मुलाला मात्र तेच हवं असतं. तोंडातून "मासो" निघायला त्याला वेळ लागतो. निघाला की "व्हय, मोठो बांगडो!" असं एक पाऊल पुढचं बोला. चुकलं तर पुन्हा म्हणायला लावू नका, आपल्या बोलण्यात बरोबर शब्द येऊ द्या. सुरात, लांबवून, थोडं हळू बोललेलं तान्ह्या बाळांना आवडतं आणि उपयोगीही पडतं, तेव्हा भूर आणि मंमंची लाज नको. अंगाला तेल लावताना, नारळ खवताना, पडवीत पाऊस बघताना जे चाललंय ते बोलत राहा.

एका गोष्टीत मात्र मला आपल्या लोकांशी भांडावं लागतं. मूल बोलत नसेल तर "बापूसही उशिरा बोललेलो" म्हणून वाट बघतात, नाहीतर वेखंड मधात उगाळून चाटवतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. त्यातून बोट्युलिझम नावाचं गंभीर आजारपण येऊ शकतं. आणि आधी बघायचे ते कान. जर्मनीत २००९पासून नवजात बाळांची श्रवणतपासणी हा नेहमीच्या तपासण्यांचाच भाग आहे. आपल्याकडे ती सगळीकडे होत नाही, म्हणून आपणच विचारायला हवं. सारख्या सर्दीने कानात पाणी साचलं तरी ऐकू कमी येतं, आणि घरच्यांना वाटतं पोर हट्टी आहे.

वर्षाचं होऊनही बाळ बा-बा, दा-दा असे आवाज काढत नसेल, बोट दाखवत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. २०१३पासूनची ही योजना आहे, तपासणी आणि पुढचे उपचार मोफत. पथक कधी येणार ते अंगणवाडीताईंना विचारून ठेवा, आणि त्या दिवशी मुलाबरोबर आजीलाही न्या. मूल दिवसभर काय काय बोलतं, हे डॉक्टरांना तीच नीट सांगू शकेल.