व्हीलचेअरसह इमॅजिका: नाताळच्या सुट्टीतली आमची सहल

नाताळच्या सुट्टीत खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कला जायचं ठरलं आणि घरात सगळ्यात आधी एकाच गोष्टीवर बोलणं झालं: लेकीला खुर्चीतून राइडच्या सीटवर कोण बसवणार आणि कसं. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. वय बारा, वजन वाढतंय, आता एकट्याने उचलता येत नाही. बरोबर गुडघेदुखीने बेजार झालेली आजी. अशा घरातून कोणी निघणार असेल तर हे सगळं त्यांच्यासाठी लिहितेय.

दिवस निवडताना २५ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा जमलं तर टाळाच. सुट्टी लागल्या लागल्या, पंचवीस तारखेच्या आधीचा मंगळवार आम्ही घेतला. तिकिटं तारखेनुसार ऑनलाइन काढता येतात. रांग टाळणारा एक्सप्रेस पास वेगळे पैसे भरून मिळतो, पण आपल्या माणसाला झेपतील अशा राइड किती, ते मोजून मगच घ्या. निघण्याआधी फोन करून आपली अडचण स्पष्ट सांगा आणि बोललेल्या व्यक्तीचं नाव लिहून ठेवा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मूळचंच न्या, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

पुण्यातल्या कोथरूडहून पहाटे निघालो. किवळ्याला एक्स्प्रेस वे लागतो, पुढे उर्से टोल, मग लोणावळा आणि बोरघाट. सुट्टीत घाटात गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात आणि तिथे थांबायची सोय नाही. म्हणून शौचाचं, औषधाचं, खाण्याचं सगळं घाटाआधीच उरका. तासन्‌तास एकाच स्थितीत बसलं की पाठीला, माकडहाडाला जखमा होण्याची भीती असते. मागे बसलेल्याने दर अर्ध्या तासाने लेकीला थोडं एका बाजूला कलतं करायचं, हे काम आम्ही नेमूनच दिलं होतं. घाट उतरून खोपोली-पाली रस्त्याला लागलं की पार्क जवळच आहे.

खुर्चीबद्दल एक गोष्ट फार कोणी सांगत नाही. हवेची चाकं असतील तर आदल्या दिवशी हवा भरा. व्हीलचेअरचा ब्रेक टायरवर दाबून बसतो, त्यामुळे हवा कमी असली की उतारावर ब्रेक लावूनही खुर्ची सरकते. उतार आला की खुर्ची उलटी फिरवून, स्वतः खालच्या बाजूला राहून, मागे मागे उतरवा. फुटरेस्ट काढून वेगळे ठेवले तर खुर्ची डिकीत सहज मावते.

आता राइड. बोर्डावर उंचीची अट असते, ती वाचूनच आपण बहुतेकदा पुढे जातो. खरं विचारायचं ते वेगळंच. राइड मध्येच बंद पडली तर माणसं बाहेर कशी काढतात? बहुतेक ठिकाणी जिन्याने किंवा अरुंद फळीवरून चालत. म्हणूनच दारावरचा कर्मचारी ‘चालता येतं का’ असं विचारतो. तो अपमान करत नसतो, त्याच्यापुढे तो प्रसंग असतो. त्याला सरळ सांगा: मान सावरता येते का, हाताने दांडा धरता येतो का, दोघांनी उचललं तर चालेल का. सीटच्या पट्ट्याने धड नीट सावरलं जात नसेल तर ती राइड सोडून द्या, मूल कितीही हट्ट करो. नायट्रोसारख्या रोलर कोस्टरपाशी आम्ही फक्त खाली उभं राहून ओरडणाऱ्यांना हात केला आणि लेक त्यातच रमली.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांपैकी बऱ्याच जणांना अचानक आवाज आला की अंग ताठ होतं. काहींना फिट्सही येतात आणि लुकलुकणारा प्रकाश काहींना सोसत नाही. म्हणून सलीमगढसारख्या भुताटकीच्या अंधाऱ्या राइडला आम्ही गेलो नाही. आवाज अडवणारे हेडफोन खुर्चीलाच अडकवून ठेवले होते. फिटचं औषध ठरलेल्या वेळीच द्यायचं. रांग संपल्यावर देऊ, असं मुळीच नको.

दिवसातला खरा आनंद संध्याकाळच्या परेडमध्ये आहे. त्यासाठी राइड लागत नाही, उचलाउचलही नाही. वेळ विचारून घ्या आणि अर्धा तास आधीच रस्त्याच्या कडेला, उभ्या गर्दीच्या पुढे जागा धरा. उशिरा गेलात तर खुर्चीतल्या माणसाला पुढच्यांच्या पाठीच दिसतात. आजीसाठी घडीचं स्टूल न्यावं की नको, हे आधी फोनवर विचारून घ्या.

मोठ्या मुलाचा डायपर बदलायला पुरेसं टेबल बहुतेक स्वच्छतागृहांत नसतं. प्रथमोपचार कक्षात पडदा आणि पलंग मिळेल का, ते आत शिरतानाच विचारा. पातळ चटई आणि प्लास्टिकची चादर जवळ हवीच. घास नीट गिळता येत नसेल तर मऊ वरणभात थर्मासमध्ये घ्या आणि ते खाणं वैद्यकीय गरज असल्याची डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा.

रात्री राहणार असाल तर फोनवरच्या ‘व्हीलचेअर चालते’ या उत्तरावर थांबू नका. एका ठिकाणी असंच सांगितलं होतं. प्रत्यक्षात बाथरूमला उंच उंबरा निघाला आणि लेकीला उचलूनच आत न्यावं लागलं. आपल्या खुर्चीची रुंदी, हाताने फिरवायच्या बाहेरच्या कड्यांसकट, घरी टेपने मोजा आणि बाथरूमच्या दाराचा टेप लावलेला फोटो मागवा. कमोडशेजारी आधाराचा दांडा आहे का, तेही विचारा.

परतताना घाट चढायचा असतो आणि सुट्टीत पार्क सुटताना सगळ्यांच्याच गाड्या एकदम रस्त्यावर येतात. परेड झाली की लगेच निघा. डिसेंबरात संध्याकाळी गारवा पडतो, गारठ्याने स्नायू आणखी आखडतात, म्हणून पायांवर घालायची शाल हाताशी ठेवा. रात्रीच्या औषधाचा एक जादा डोस डिकीतल्या बॅगेत नको, तुमच्या खिशात असू द्या.